शेवटच्या चौकटीतील माणूस : दैनिक हास्यचित्राच्या निर्मितीतील एक नैतिक प्रश्न

१

वर्तमानपत्रातील हास्यचित्र हा मराठी समीक्षेच्या दृष्टीने दोन घरचा पाहुणा राहिला आहे. चित्रकलेच्या अभ्यासकांनी त्याच्यातील शब्दांकडे बोट दाखवून त्याला साहित्याकडे सोपविले, तर साहित्याच्या अभ्यासकांनी त्याच्या रेषेकडे बोट दाखवून त्याला चित्रकलेकडे परत पाठविले. न. चिं. केळकरांच्या 'हास्यविनोदमीमांसे'पासून विनोदाची जी तात्त्विक चर्चा मराठीत झाली, तिचा भर प्रामुख्याने शब्दनिष्ठ आणि प्रसंगनिष्ठ विनोदावर राहिला. वसंत सरवटे यांच्यासारख्या, स्वतः व्यंगचित्रे काढणाऱ्या आणि त्या कलेविषयी सातत्याने लिहिणाऱ्या कलावंताने ही उणीव काही अंशी भरून काढली. तथापि सरवटे यांच्या विवेचनाचा रोख मुख्यतः रूपाच्या प्रश्नांकडे, म्हणजे रेषा, आशय आणि हास्याची जात यांच्या परस्परसंबंधाकडे होता. हास्यचित्राच्या निर्मितिप्रक्रियेत एखादा नैतिक प्रश्न दडलेला आहे काय, हा विचार मात्र बहुधा एखादे चित्र वादग्रस्त ठरल्यावरच केला जातो. तो वाद शमला की विचारही शमतो.

प्रस्तुत लेखाचा विषय असे वादग्रस्त चित्र नाही. कोणीही ज्याच्याविरुद्ध तक्रार करणार नाही, असे रोजचे तीन-चार चौकटींचे निरुपद्रवी हास्यचित्र हा त्याचा विषय आहे. ते कसे तयार होते आणि त्याच्या तयार होण्याच्या रीतीमधून माणसाविषयी कोणती भूमिका नकळत घेतली जाते, हे तपासावयाचे आहे. त्यासाठी वाचकाची जागा निश्चित करणे इष्ट ठरेल. ती यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी ही मानावी. वाघाडी नदीकाठचे हे तालुक्याचे गाव. भोवताली कोरडवाहू कापसाची शेती आणि कापसाच्या भावावर वर-खाली होणारा बाजार. वर्तमानपत्राचे या जिल्ह्याशी असलेले नाते जुने आहे. लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ साली 'लोकमत' हे साप्ताहिक यवतमाळातच सुरू केले. म्हणजे वर्तमानपत्र वाचणारा वाचक या भागाला शंभराहून अधिक वर्षे परिचित आहे. हास्यचित्रे काढणारा कलावंत मात्र बहुतांशी पुण्या-मुंबईच्या परिसरातील राहिला आहे. चंद्रपूरला राहून रेषेवर आणि काष्ठशिल्पांवर आयुष्य वेचणाऱ्या मनोहर सप्रे यांच्यासारखी उदाहरणे विदर्भात आहेत. पण ती मोजकी आहेत.

आता या वाचकासमोर उघडलेल्या पानाची कल्पना करावी. १९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी-मुलांसह जीवन संपविले. त्यानंतरच्या दशकांत शेतकऱ्याच्या आत्महत्येची वार्ता येथील वर्तमानपत्रात इतक्या वेळा आली की, तिचा मथळा आणि तिची जागाही ठरून गेली. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन या जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. अशा एखाद्या बातमीपासून चार बोटांच्या अंतरावर, किंवा पान उलटताच, एक लहान मुलगा परीक्षेतील गुणांवरून आईला निरुत्तर करतो आणि वाचकाला हसू येते. हे हसू अनुचित आहे काय, हा येथील पहिला प्रश्न होय. त्याचे सोपे उत्तर 'नाही' असे आहे. परंतु ते उत्तर कोणत्या आधारावर दिले जाते, हे पाहू लागताच प्रश्न अवघड होतो.

२

हास्यचित्र वाचकाला पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत भेटते. ते तयार मात्र बहुधा उलट्या क्रमाने होते. 'नॅन्सी' ही अमेरिकन चित्रमालिका दीर्घकाळ काढणारा अर्नी बुशमिलर आधी शेवटची चौकट निश्चित करीत असे आणि तेथून मागे येत उरलेल्या चौकटी भरीत असे. त्याची ही पद्धत या व्यवसायात प्रसिद्धच आहे. प्रत्येक व्यंगचित्रकार ती इतक्या काटेकोरपणे पाळतो असे नव्हे, पण हास्यचित्राचे अंतर्गत तर्कशास्त्र हेच आहे. कलाटणी आधी सुचते आणि तिला जन्म देणारी परिस्थिती नंतर रचली जाते. कोणी दार उघडावयाचे, कोणी काय बोलावयाचे, कोणाच्या हाती पिशवी द्यावयाची, हे सारे शेवटच्या चौकटीच्या गरजेनुसार ठरते. कथेत पात्राच्या स्वभावातून शेवट निष्पन्न व्हावा अशी अपेक्षा असते. येथे शेवटातून पात्र निष्पन्न होते.

दुसरी गोष्ट वेळेची. वर्तमानपत्राचे पान रोज ठरलेल्या वेळी सुटते आणि त्यातील चित्राची चौकट कोरी ठेवता येत नाही. कवीला कविता न सुचण्याचा अधिकार असतो. दैनिकाच्या व्यंगचित्रकाराला तो नसतो. या सक्तीने कलेची हानी होते असे म्हणणे सोपे असले, तरी इतिहास वेगळीच साक्ष देतो. आर. के. लक्ष्मण यांच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'मधील 'यू सेड इट' या रोजच्या लहान चित्राचा आरंभ १९५१ मधला. लक्ष्मण यांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे सुरुवातीला ते देशाच्या निरनिराळ्या भागांतील माणसांची गर्दी चित्रात काढीत. रोजच्या वेळेच्या तगाद्यापुढे इतकी माणसे रेखाटणे अशक्य होत गेले, गर्दी कमी होत गेली आणि अखेर चौकड्यांचा कोट व धोतर घातलेला, टक्कल पडलेला एकच माणूस उरला. भारतीय व्यंगचित्रातील सर्वांत अर्थपूर्ण व्यक्तिरेखा अशा रीतीने काटछाटीतून, वजाबाकीने निर्माण झाली. तिला कोणी योजून घडविलेले नव्हते.

तिसरी गोष्ट सहकार्याची आणि सातत्याची. २१ नोव्हेंबर १९९१ रोजी पुण्याच्या 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या 'चिंटू'चा आरंभ झाला. कल्पना दोघांच्या विचारविनिमयातून आणि रेषा पंडितांची, अशी तिची घडण होती. चिंटू, पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, जोशीकाकू, सतीशदादा ही माणसे रोज भेटत राहिल्यामुळे मराठी वाचकांच्या एका पिढीला शेजाऱ्यांइतकी परिचित झाली. अशा मालिकेत कल्पना केवळ 'चांगली' असून भागत नाही. ती त्या पात्राची असावी लागते. एखादी उत्तम कोटी चिंटूच्या तोंडी शोभत नसेल, तर ती बाजूला ठेवावी लागते. वाचकाला दिसते ते वापरलेले चित्र. व्यंगचित्रकाराच्या मेजावर त्यापेक्षा कितीतरी अधिक संख्येने न वापरलेली चित्रे साठत जातात आणि त्यांचा कोणताही दस्तऐवज समीक्षकाच्या हाती येत नाही.

उलटा रचनाक्रम, वेळेची सक्ती आणि टाकून दिलेल्या कल्पनांचा अदृश्य ढीग या तीन गोष्टी लक्षात घेतल्याखेरीज हास्यचित्राविषयीचा नैतिक विचार करता येत नाही. नैतिक निर्णय जेथे घेतला जातो ती जागा या प्रक्रियेच्या आत आहे. छापून आलेल्या चित्रावर होणारी चर्चा नेहमीच उशिरा होते.

३

रचनाक्रमापासून आरंभ करावा. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, तो स्वयमेव साध्य आहे, ही कान्टची भूमिका सर्वपरिचित आहे. हास्यचित्राचे तंत्र या भूमिकेच्या नेमके विरुद्ध दिशेने चालते. शेवटची चौकट हे साध्य आणि चित्रातील माणूस हे तिथवर पोचण्याचे साधन. कलाटणीला विसरभोळा माणूस हवा असेल तर प्राध्यापक आणावयाचा, कंजूष हवा असेल तर एखाद्या विशिष्ट जातीचा वा प्रांताचा व्यापारी आणावयाचा, अडाणी हवा असेल तर खेडूत आणावयाचा. ज्या वेगाने चित्र काढावे लागते आणि ज्या वेगाने ते वाचले जाते, त्या वेगाला साचाच सोयीचा असतो. धोतर, फेटा आणि खांद्यावर घोंगडी एवढ्या तीन खुणांनी 'शेतकरी' पुरा होतो. त्याचे नाव, त्याचे कर्ज, त्याचा खोडकरपणा, त्याचे बायकोशी झालेले भांडण यांपैकी कशाचीही कलाटणीला आवश्यकता नसते.

बर्गसाँने १९०० मधील आपल्या हास्यविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले की, हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते आणि सजीव माणसात यंत्रासारखे काही दिसले की हसू येते. हे विश्लेषण मान्य केले तर साचेबंद पात्र हा हास्यचित्राचा दोष राहत नाही. तो त्याचा स्वभावच ठरतो. परंतु बर्गसाँच्या विवेचनात हसणारा आणि ज्याला हसले जाते तो, हे दोघे परस्परांपासून वेगळे गृहीत धरलेले आहेत. हसणारे एका बाजूला आणि यंत्रवत झालेला माणूस दुसऱ्या बाजूला. आपल्याकडील साहित्यशास्त्राने या विभागणीचा विचार अधिक बारकाईने केला आहे.

भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार मानले. स्वतः हसणे हा पहिला, दुसऱ्याला हसविणे हा दुसरा. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित या सहा पायऱ्याही त्याने सांगितल्या आणि त्यांची उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींमध्ये दोन-दोन अशी वाटणी केली. दैनिकाच्या व्यंगचित्रकाराची अवस्था या वर्गीकरणातून पाहिली तर विलक्षण दिसते. दुसऱ्याला हसविण्याचे काम त्याने रोजच्या रोज पत्करलेले असते. स्वतःला हसू येवो वा न येवो. घरात आजारपण असले तरी चौकट भरावी लागते. परस्थाला आत्मस्थाचा आधार उरत नाही, तेव्हा हात सवयीकडे वळतो, आणि सवयीच्या हाताशी सर्वांत जवळ असतो तो साचा. म्हणून साच्याचा उगम बहुधा द्वेषात नसून थकव्यात असतो, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. द्वेषातून काढलेले चित्र ओळखू येते आणि त्याचा निषेधही होतो. थकव्यातून काढलेले चित्र कोणाच्याच लक्षात येत नाही. ते रोज थोडेथोडे साचत राहते.

येथे साहित्यशास्त्रातील आणखी एका कल्पनेचा उपयोग होतो. हास्य आणि करुण हे परस्परविरोधी रस मानले गेले आहेत. विरोधी रसांचा विरोध कसा टाळावा, याची चर्चा आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त केली आहे. त्याने सुचविलेला एक उपाय आश्रयभेदाचा आहे. एकाच व्यक्तीच्या ठिकाणी दोन विरोधी भाव आले तर रसभंग होतो. ते निरनिराळ्या व्यक्तींच्या ठिकाणी दाखविले तर होत नाही. नायकाच्या ठिकाणी वीर आणि प्रतिनायकाच्या ठिकाणी भयानक असला, तर तेथे दोष मानावयाचे कारण नाही. काव्यापुरता हा उपाय निर्दोष आहे.

वर्तमानपत्राने हाच उपाय न सांगता स्वीकारलेला दिसतो. एका पानावर करुण आणि हास्य शेजारी नांदतात आणि कोणाला ते खटकत नाही, याचे कारण त्यांचे आश्रय वेगळे आहेत. करुणाचा आश्रय घाटंजी, पांढरकवडा, केळापूरचा शेतकरी. हास्याचा आश्रय शहरातील इमारतीत राहणारे कुटुंब. पान लावणाऱ्या उपसंपादकाने दोन्ही शेजारी ठेवले तरी विरोध उत्पन्न होत नाही. दुःख भोगणारी माणसे एक आणि हसणारी-हसविणारी माणसे दुसरी, ही वाटणी आधीच झालेली असते. सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीने जो परिहार आहे, तोच नैतिक दृष्टीने या प्रश्नाचा गाभा होय. लेखाच्या आरंभी विचारलेल्या प्रश्नाला दिलेले सोपे 'नाही' या वाटणीच्या आधारावर उभे होते.

४

या विवेचनाला दोन आक्षेप संभवतात. विनोदाला केवळ विनोद म्हणून घ्यावे, त्यावर नीतीचे ओझे लादू नये, हा पहिला. शेतकऱ्याच्या दुःखाच्या प्रदेशात हास्यचित्राने शिरूच नये, त्याने शहरातील आपल्या अंगणात राहावे, त्यातच औचित्य आहे, हा दुसरा. दोन्ही आक्षेप परस्परविरोधी वाटले तरी त्यांचा परिणाम एकच होतो. व्यंगचित्रकाराच्या मेजावर काय टाकले गेले आणि काय ठेवले गेले, हा प्रश्न दोघांच्याही लेखी उरत नाही.

पहिल्या आक्षेपाच्या संदर्भात २०१६ मधील एक घटना विचारात घेण्यासारखी आहे. त्या वर्षी जुलैत अहमदनगर जिल्ह्यातील कोपर्डी येथे एका मुलीवर झालेल्या अत्याचार आणि हत्येनंतर मराठा समाजाचे मूक मोर्चे महाराष्ट्रभर निघू लागले. सप्टेंबरमध्ये 'सामना'च्या रविवारच्या पुरवणीत 'मूक' आणि 'मुका' या दोन शब्दांतील ध्वनिसाम्यावर आधारलेले एक व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. त्यावर तीव्र संताप उसळला, वृत्तपत्राच्या कार्यालयांवर दगडफेक झाली आणि पुढे पक्षाच्या नेतृत्वाने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. दगडफेकीचे समर्थन करता येत नाही. व्यंगचित्रकाराचा हेतू काय होता, याचा न्यायनिवाडा करणे हेही समीक्षेचे काम नव्हे. तिच्या कक्षेत येतो तो श्लेषाचा स्वभाव. श्लेष भाषेतच तयार पडलेला असतो. 'मूक' म्हणताच 'मुका' आठवणे याला कोणतेही कर्तृत्व लागत नाही; मराठी येणाऱ्या कोणालाही तो सुचू शकतो. व्यंगचित्रकाराचे कर्तृत्व सुरू होते ते सुचल्यानंतर. हे मोर्चे कोणत्या घटनेतून निघाले, हे आठवून ती कल्पना टाकावयाची की ठेवावयाची, या क्षणी तो कलावंत म्हणून आणि माणूस म्हणून निर्णय घेतो. 'विनोद तो विनोद' असे म्हणणारा या क्षणाचे अस्तित्वच नाकारतो आणि त्यासोबत कलावंताचे स्वातंत्र्यही नाकारतो. निवड नाही तेथे स्वातंत्र्य तरी कसले?

याच्या उलट बाजूचेही उदाहरण आहे. शंकर यांचे १९४९ मधील एक व्यंगचित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पुनर्मुद्रित झाले होते. संविधाननिर्मितीची मंद गती त्यात गोगलगाईच्या रूपाने दाखविली होती, गोगलगाईवर डॉ. आंबेडकर आणि पाठीमागे चाबूक घेतलेले नेहरू होते. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला, पाठ्यपुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. ही मोडतोड अक्षम्यच होती. तथापि चित्राला विरोध करणाऱ्या सर्वांनाच विनोदबुद्धी नाही असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे ठरेल. १९४९ मध्ये ते चित्र सत्तेच्या जवळ असलेल्या दोन समकालीन नेत्यांविषयीचे होते. २०१२ मध्ये ते अशा वर्गात वाचले जात होते, जेथे चाबकाच्या प्रतिमेला काही विद्यार्थ्यांच्या घराण्यांच्या स्मृतीत फार वेगळे स्थान असू शकते. चित्र तेच राहिले, शेजार बदलला. हास्यचित्र काढणाऱ्याला ते कोणत्या पानावर, कोणत्या बातमीशेजारी, कोणत्या काळात वाचले जाईल हे ठाऊक नसते. मालिकेची चित्रे तर बहुधा आगाऊच तयार झालेली असतात. उद्या घाटंजीच्या बातमीत काय असेल हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. या अज्ञानाबद्दल त्याला दोषी धरता येत नाही. पण असा शेजार असू शकतो, एवढे भान बाळगण्याची अपेक्षा करता येते. हे भान म्हणजे भीती नव्हे. भीती विषयच टाळते. भान असलेला कलावंत विषय न टाळता चित्रातील माणसाची जागा पुन्हा तपासून पाहतो.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे, कारण तो सहानुभूतीतून येतो. दुःखी माणसाला हास्याच्या बाहेर ठेवणे हा सन्मान वाटतो. परंतु ज्या माणसाविषयी केवळ हळहळावयाचे आणि ज्याच्याबरोबर कधीही हसावयाचे नाही, तो समाजाच्या दृष्टीने हळूहळू माणूस न राहता आकडा होतो. आत्महत्येच्या बातमीतील शेतकरी हाही एक साचाच आहे. फेटा आणि घोंगडीच्या साच्याइतकाच तो नावाशिवाय पुरा होतो. एका साच्यात तो अडाणी, दुसऱ्यात तो बिचारा. दोहोंतही तो बोलत नाही. शेवटची चौकट त्याची नसते.

५

मग मार्ग कोणता? त्याच्या खुणा या परंपरेतच सापडतात.

शि. द. फडणीस यांची शब्दविरहित हास्यचित्रे हे एक उदाहरण. बसथांब्यावर शेजारी उभे असलेले तरुण-तरुणी आणि त्यांच्या कपड्यांवरील मांजर-उंदरांची नक्षी यांचे त्यांचे गाजलेले चित्र आठवावे. त्यात कोणीही हास्यास्पद झालेले नाही. विसंगती वस्तूंच्या जगात आहे आणि माणसे तिच्यात सहज, काहीशी अनभिज्ञ, उभी आहेत. शब्दच नसल्यामुळे कोणाच्या बोलीला हसण्याचा प्रश्न उद्भवत नाही आणि घाटंजीच्या वाचकाला पुण्याच्या वाचकाइतकाच त्या चित्रात प्रवेश मिळतो.

हा प्रवेशाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. शहरी मालिकेतील विनोद समजण्यासाठी घाटंजीतील मुलाने सोसायटी, पार्किंग, शिकवणी, उन्हाळी शिबिर यांचे जग आधी आत्मसात करावे लागते. तो ते करतो आणि हसतोही. चिंटूवर प्रेम करणारे वाचक केवळ शहरात नव्हते. उलट दिशेचा प्रवास मात्र घडत नाही. सीतादहीच्या दिवशी वेचणीला आलेल्या मजुरांची थट्टा, डवरा, उलंगवाडी, कापसाच्या गाडीवर काढलेली रात्र यांतले काहीही शहरी वाचकाला कधी शिकावे लागलेले नाही. हसण्यासाठी करावयाचे कष्ट नेहमी एकाच बाजूने केले आहेत. बोलीचीही हीच कथा आहे. मराठी विनोदात वऱ्हाडी बोली पुष्कळदा केवळ तिच्या उच्चारासाठी आणली जाते. 'काहून' म्हणताच प्रेक्षक हसतो, पुढे काय म्हटले गेले याची त्याला जरुरी भासत नाही. याच यवतमाळ जिल्ह्यातील शंकर बडे यांनी 'बॅरिस्टर गुलब्या'सारख्या एकपात्री प्रयोगातून हा संबंध उलटा केला. तेथे वऱ्हाडी बोलणारा माणूस हास्याचे लक्ष्य नव्हता. हसविण्याचे सूत्र त्याच्या हाती होते. रंगमंचावर जे झाले ते चौकटीत होऊ शकणार नाही, असे मानण्यास कारण नाही.

लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाकडे येथे पुन्हा वळावे लागते. महागाई, टंचाई आणि आश्वासने सोसणारा तोच आहे आणि चित्राच्या हास्याचा साक्षीही तोच आहे. करुण आणि हास्य या दोहोंना एकच आश्रय मिळाला, तरी रसभंग झाला नाही. याचे एक कारण त्याचे मौन असले, तरी त्याहून मोठे कारण त्याचे परत येणे हे आहे. उद्या तो पुन्हा येणार आहे. ज्याला उद्या भेटावयाचे आहे, त्याला आज केवळ साधन म्हणून वापरून टाकता येत नाही. मालिकेतील पात्र कलाटणीच्या तावडीतून सुटते ते या पुनरागमनामुळे. पहिल्या दिवशी चिंटू हा एका कोटीपुरता मुलगा असू शकतो. शंभराव्या दिवशी त्याचा स्वभाव कलाटणीला नकार देऊ लागतो. उलटा रचनाक्रम तसाच राहतो, पण पात्र आता शेवटच्या चौकटीवर आपला हक्क सांगते. कान्टच्या भाषेत बोलावयाचे तर, साधन म्हणून जन्मलेले पात्र सातत्यामुळे साध्य होते.

यावरून एक कसोटी मांडता येईल. हास्यचित्रात कोणाला हसले आहे, हा प्रश्न अपुरा आहे. ज्याला हसले तो उद्या परत येणार आहे काय, त्याला नाव आहे काय, आणि एखाद्या दिवशी तरी शेवटची चौकट त्याच्या वाट्याला येते काय, हे विचारावयास हवे. फेटा-घोंगडीचा शेतकरी या कसोटीला उतरत नाही. तो केवळ येतो आणि जातो. त्याच्या जागी उद्या दुसरा कोणी फेटेवाला चालू शकतो. कर्जबाजारी असलेला, भावावरून चिडणारा, शेजाऱ्याच्या फटफटीची थट्टा करणारा, सरकारी अर्जातील रकान्यांना आपल्या पद्धतीने उत्तरे देणारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटणारा घाटंजीचा माणूस मराठी दैनिकाच्या चौकटीत ज्या दिवशी घर करील, त्या दिवशी करुण आणि हास्य यांची जी वाटणी पानाने करून ठेवली आहे, ती मोडू लागेल.

या मागणीतील धोका नजरेआड करता येत नाही. दुरून काढलेला असा माणूस पुन्हा नवा साचाच होईल. 'हसतमुख शेतकरी' हा बिचाऱ्या शेतकऱ्याइतकाच खोटा आहे, किंबहुना अधिक, कारण त्याच्या हसण्याने व्यवस्थेला दिलासा मिळतो. हा धोका टाळण्याची हमी कोणताही सिद्धांत देऊ शकत नाही. ती असलीच तर मेजावरच्या त्या न दिसणाऱ्या ढिगात आहे. सुचलेली दहा चित्रे बाजूला सारून अकरावे ठेवताना, वेळ संपत आलेली असताना, व्यंगचित्रकार एवढेच पाहू शकतो की हे चित्र घाटंजीतील त्या माणसाच्या हाती पडले तर तो ते शेजाऱ्याला दाखवील काय. तो दाखविणार नसेल, तर अकरावेही टाकावे लागते आणि चौकट अजून कोरी असते.

समीक्षेने हास्यचित्राचा विचार केवळ प्रसिद्ध झालेल्या चित्रावरून केला, तर हा प्रसंग तिच्या नजरेस कधीच पडणार नाही. कच्ची रेखाटने, खोडलेले संवाद, नाकारलेल्या कलाटण्या यांचे जतन मराठीत जवळजवळ होत नाही. कवीची हस्तलिखिते जपणाऱ्या संस्कृतीने व्यंगचित्रकाराचा कागद रद्दीत जाऊ द्यावा, यात कलाप्रकारांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहेच. पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की, रोज सकाळी लक्षावधी माणसांना हसविताना कोणाला वगळले गेले आणि कोणाला वाचविले गेले, याचा एकमेव पुरावा त्या रद्दीबरोबर जातो.